बक्षिसी म्हणजे वेतन नव्हे

उपाहारगृहात बिल चुकते करताना बडीशेपेच्या बशीत ग्राहक जे चार पैसे ठेवून जातो, ती बक्षिसी होय. तत्पर सेवेबद्दल स्वखुशीने दिलेली ती भेट असते. वेतन देणे ही मात्र मालकाची जबाबदारी आहे. या दोहोंची गल्लत केल्याने कामगाराचे कसे नुकसान होते, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

अमेरिकेतील अनुभव

अमेरिकेत १९६६ च्या कायदेदुरुस्तीने उपाहारगृहांतील कामगारांना किमान वेतनाचे संरक्षण लाभले. परंतु त्यातील निम्मी रक्कम बक्षिसीतून वळती करण्याची मुभाही मालकांना मिळाली. १९९१ मध्ये किमान वेतन ताशी ४.२५ डॉलर असताना मालकाचा वाटा २.१३ डॉलर झाला. १९९६ मध्ये हा आकडा कायद्यानेच गोठविण्यात आला. पुढे २००९ मध्ये किमान वेतन ७.२५ डॉलर झाले, तरी मालकाचा वाटा तेवढाच राहिला. पूर्वीचा निम्मा हिस्सा अशा रीतीने एक-तृतीयांशाहूनही कमी झाला. बक्षिसी अपुरी पडल्यास मालकाने तूट भरून द्यावी, असे कायदा सांगतो. पण ती मागावयाची कोणाकडे, तर ज्याच्या हाती आपली नोकरी आहे त्याच्याकडेच! कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा आदी राज्यांनी मात्र ही वजावट नाकारली असून तेथे पूर्ण किमान वेतन देऊन बक्षिसी वेगळी मानली जाते.

आपल्याकडील तरतुदी

ग्राहकाने कार्डाद्वारे दिलेली बक्षिसी मालकाने कामगारांना वाटली, तर तो पगार ठरतो काय, असा प्रश्न प्राप्तिकराच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. बक्षिसी ग्राहकाकडून येते, मालकाकडून नव्हे. म्हणून तो पगार नव्हे, असा निर्णय न्यायालयाने २०१६ मध्ये दिला.

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तीनुसार शासनाने ठरविलेल्या किमान दराहून कमी वेतन देता येत नाही आणि वेतनचिठ्ठी देणे बंधनकारक आहे. वेतन कमी मिळाल्यास तीन वर्षांच्या आत दावा करता येतो आणि वेतन चुकते केल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. म्हणून प्रत्येक कामगाराने वेतनचिठ्ठी मागून घ्यावी व जपून ठेवावी.

बशीतील पैसे वेटरच्या हाती पडतात; भटारखान्यातील आचारी आणि मोरीवर कपबश्या विसळणारा पोऱ्या यांच्यापर्यंत ते क्वचितच पोहोचतात. ग्राहकाने बक्षिसी अवश्य द्यावी. परंतु कामगाराच्या घरची चूल त्याच्या हक्काच्या वेतनावरच पेटली पाहिजे.