कासीम रझवी : पदाविना हुकूमशहा

विद्यार्थीमित्रहो, 'हुकूमशहा' हा शब्द कानीं पडतांच तुमच्या डोळ्यांपुढें जर्मनीचा हिटलर किंवा इटलीचा मुसोलिनी उभा राहतो, आणि असले पुरुष दूरदेशींच निपजतात अशी आपली समजूत होते. परंतु लातूर आपल्या पाथरीहून कितीसें दूर आहे? त्या लातुरांत वकिली करणारा एक गृहस्थ दीड कोटीहून अधिक प्रजेच्या संस्थानाचा कारभार आपल्या मुठींत घेऊन बसला, आणि पुढें अवघ्या पांच दिवसांत त्याची सत्ता धुळीस मिळाली. दरवर्षीं १७ सप्टेंबर रोजीं आपण ध्वजवंदन करितों. त्या दिवसाचा संबंध ह्या गृहस्थाच्या पतनाशीं आहे. त्याचें नांव कासीम रझवी.

प्रथम तें संस्थान कसें होतें हें पाहूं. हैदराबादचें क्षेत्रफळ सुमारें ८२,००० चौरस मैल होतें. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पांच जिल्हे त्यांत मोडत. उरलेला मुलूख तेलंगणाचा व कर्नाटकाचा. (येथें एक खुलासा केला पाहिजे. हा निजाम आणि अहमदनगरची निजामशाही यांचा कांहीं संबंध नाहीं. त्या जुन्या निजामशाहीच्या संस्थापकाचें घराणें मूळचें पाथरीच्या कुळकर्ण्यांचें, असें फिरिश्ता लिहितो. परंतु ती गोष्ट निराळी.) शेंकडा सुमारें ८५ प्रजा हिंदु, राजा मुसलमान, आणि सरकारी नोकऱ्यांत मुसलमानांचा भरणा त्यांच्या संख्येच्या मानानें पुष्कळच अधिक. मीर उस्मान अली खान हे १९११ सालीं गादीवर आले. त्यांच्या कारकीर्दींत धरणें झालीं, १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें, हें मान्य केलें पाहिजे. परंतु प्रजेनें निवडलेलें, प्रजेस जबाबदार असें सरकार तेथें कधींच नव्हतें. साधी सभा भरविण्यासहि परवाना लागे. मराठी मुलांस वरच्या वर्गांत सारे विषय उर्दूंतून शिकावे लागत. १९३८ सालीं स्टेट काँग्रेस स्थापन होण्याच्या बेतांत असतांनाच तिच्यावर बंदी आली, आणि त्याच वर्षीं 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल शेंकडों विद्यार्थ्यांस आपलें शिक्षण सोडावें लागलें. जेथें प्रजेस बोलण्याची मुभा नसते, तेथें सर्वांत मोठ्यानें ओरडणाऱ्याचें फावतें. रझवीचा उदय समजून घेण्यास एवढी पार्श्वभूमि पुरे.

रझवी हा अलीगढचा पदवीधर. लातुरास त्याची वकिली चाले, आणि 'मजलिस इत्तेहादुल मुसलमीन' ह्या संस्थेचें कामहि तो करी. ही संस्था १९२७ सालची. तिचा नामांकित पुढारी बहादुर यार जंग हा मोठा वक्ता होता. त्याच्या काळीं तिनें असा सिद्धांत मांडिला कीं संस्थानचें राजेपण एकट्या निजामाचें नसून तेथील सर्व मुसलमानांचें आहे. निजाम हें त्या सत्तेचें केवळ प्रतीक होय. मित्रहो, ह्या सिद्धांताकडे नीट पाहा. त्यानें दरिद्री टांगेवाल्यास व पट्टेवाल्यास सांगितलें, 'तूं राजा आहेस'. आणि त्याच्या शेजाऱ्यास न सांगतां सांगितलें, 'तूं प्रजाहि नाहींस.' टांगेवाल्याचें दारिद्र्य मात्र होतें तसेंच राहिलें. १९४४ सालीं बहादुर यार जंग मरण पावला, आणि १९४६ सालीं अध्यक्षपद रझवीच्या हातीं आलें. 'रझाकार' म्हणजे स्वयंसेवक. हें स्वयंसेवकांचें दल रझवीनें वाढविलें, त्यास कवाईत शिकविली आणि त्याच्या हातीं शस्त्रें दिलीं.

त्यानें सत्ता कशी हस्तगत केली, हें एका रात्रीच्या हकीकतीवरून उत्तम समजतें. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं हिंदुस्थान स्वतंत्र झाला. निजामानें सामील होण्याचें नाकारिलें. त्याच दिवशीं स्टेट काँग्रेसचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांस ध्वज उभारल्याबद्दल अटक झाली. मग दिल्लीशीं बोलणीं सुरू झालीं. छत्तारीचे नवाब त्या वेळीं पंतप्रधान होते. त्यांनीं, सर वॉल्टर माँक्टन ह्या इंग्रज कायदेपंडितानें व सर सुलतान अहमद यांनीं मिळून 'जैसे थे' कराराचा मसुदा तयार केला. मंत्रिमंडळानें तो मान्य केला. सही मात्र निजामानें दुसऱ्या दिवसावर ढकलली. २७ ऑक्टोबर रोजीं शिष्टमंडळ विमानानें दिल्लीस जावयाचें, तों पहांटेपूर्वींच हजारोंच्या जमावानें ह्या तिघांच्या घरांस वेढा घातला. पोलीस कोठें दिसेनात. मग रझवी राजवाड्यांत गेला आणि काश्मीरच्या प्रकरणांत गुंतलेल्या हिंदुस्थान सरकारकडून याहून चांगल्या अटी मिळवितां येतील असें त्यानें निजामास पटविलें. छत्तारीच्या नवाबांनीं राजीनामा दिला. नवें शिष्टमंडळ दिल्लीस गेलें, आणि २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं सही कशावर झाली? जवळजवळ त्याच मसुद्यावर! म्हणजे संस्थानास मिळालें कांहींच नाहीं. परंतु रझवीस जें हवें होतें तें मिळालें. राजाचें मन कोण फिरवितो हें साऱ्या हैदराबादनें पाहिलें. पुढें मीर लायक अली हे पंतप्रधान झाले आणि मजलिसचीं माणसें मंत्रिमंडळांत बसलीं. रझवी स्वतः मात्र मंत्री झाला नाहीं. हिटलर चॅन्सेलर होता, मुसोलिनी पंतप्रधान होता. १९४३ सालीं इटलीच्या राजानें मुसोलिनीस पदावरून काढून टाकिलें. रझवीस पदच नव्हतें, मग त्यास काढावयाचें कोणत्या खुर्चीवरून? माझ्या मतें त्याच्या सामर्थ्याचें मर्म ह्यांतच आहे.

त्यानंतरच्या दहा महिन्यांचें वर्णन करण्यास लेखणी कचरते. रझाकारांनीं गांवें लुटलीं, घरें जाळलीं, माणसें मारिलीं. मे १९४८ मध्यें बीदर जिल्ह्यांतील गोरटा येथें मोठें हत्याकांड झालें. त्याच महिन्यांत गाणगापूर स्टेशनांत आगगाडीवर हल्ला झाला. मराठवाड्यांतील कुटुंबेंच्या कुटुंबें हद्द ओलांडून वऱ्हाडांत व सोलापूर-नगरकडे गेलीं. उमरखेडसारख्या ठिकाणीं सशस्त्र प्रतिकाराचीं केंद्रें निघालीं. इकडे सिडनी कॉटन नांवाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्रीच्या अंधारांत कराचीहून विमानांतून शस्त्रें आणीत होता. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही निशाण फडकेल अशीं रझवीचीं भाषणें वर्तमानपत्रांतून छापून येत होतीं.

ह्या अंधारांत शोएबुल्ला खान हें एक नांव आहे, आणि तें आपल्या शाळेंतील प्रत्येक मुलास, मग तो कोणत्याहि मोहल्ल्यांतील असो, पाठ असावें अशी माझी इच्छा आहे. तो 'इमरोज' ह्या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक होता. संस्थानानें हिंदुस्थानांत सामील व्हावें असें त्यानें उघडपणें लिहिलें. धमक्या आल्या, त्याची लेखणी थांबली नाहीं. ऑगस्ट १९४८ मध्यें रात्रीं कचेरींतून घरीं परततांना मारेकऱ्यांनीं त्यास गोळ्या घातल्या, आणि ज्या हातानें तो अग्रलेख लिही तो हातहि तोडिला. रझवीस हिंदूंची भीति नव्हती. त्यांच्याविरुद्ध तर त्याचें दल उभें होतें. मुसलमानानें विरुद्ध बोलावें हें मात्र त्याच्यानें सहन होईना; कारण त्यामुळें तो सर्व मुसलमानांचा मुखत्यार नाहीं हें सिद्ध होत होतें.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौजा चोहोंकडून संस्थानांत शिरल्या. जनरल चौधरी यांची मुख्य फौज सोलापुराहून नळदुर्गच्या रस्त्यानें निघाली. ज्यांच्या पराक्रमाच्या एवढ्या वल्गना झाल्या होत्या, त्या रझाकारांची रणगाड्यांपुढें तत्काळ दाणादाण उडाली. १७ तारखेस निजामानें शस्त्रें खालीं ठेवण्याची घोषणा केली. १८ तारखेस त्याचे सेनापति एल् इद्रूस शरण आले. रझवी लगेच पकडला गेला. बीबीनगरच्या दरोड्याच्या खटल्यांत त्यास शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगांतहि त्याचे दिवस गेले. १९५७ सालीं, पाकिस्तानांत निघून जाण्याच्या अटीवर, तो सुटला आणि १९७० सालीं कराचीस वारला. लायक अली १९५० सालींच नजरकैदेंतून निसटून पाकिस्तानांत पोंचले होते. निजाम मात्र १९५० ते १९५६ पर्यंत राजप्रमुख म्हणून मानानें राहिले. ज्या राजाच्या नांवानें हें सारें घडलें, त्याच्या केसासहि धक्का लागला नाहीं.

मग किंमत कोणीं दिली? आधीं रझाकारांच्या तडाख्यांत सांपडलेल्या खेडुतांनीं दिली. नंतर, हें सांगणें कठीण असलें तरी टाळतां येत नाहीं, ज्यांनीं बहुधा हातीं काठीहि धरिली नव्हती अशा मुसलमान शेतकऱ्यांनीं, विणकरांनीं व त्यांच्या बायकामुलांनीं दिली. फौजा आल्यानंतरच्या आठवड्यांत सूडाची लाट उसळली. पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनीं त्या वर्षाच्या अखेरीस हिंडून चौकशी केली. सर्व मिळून २७,००० ते ४०,००० माणसें मारलीं गेलीं असावींत, असा त्यांचा अंदाज होता. ह्या आकड्याविषयीं वाद आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड ह्या जिल्ह्यांची दशा त्यांनीं सर्वांत वाईट सांगितली. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांस वांचविणाऱ्या हिंदूंचाहि त्यांत उल्लेख आहे. तो अहवाल २०१३ पर्यंत सामान्य वाचकांस पाहावयास मिळाला नाहीं.

आतां वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस एक स्वाध्याय. पाथरी, मानवत, सेलू ह्या भागांत पंचाऐंशीच्या पुढचीं माणसें अद्याप आहेत. १९४८ सालीं तीं तुमच्याहून लहान असतील. त्यांच्याकडे जा. त्या भाद्रपदांत घरचे लोक कोठें होते, कोण कोणाच्या घरीं लपलें, कोणीं कोणास भाकरी पोंचविली, हें त्यांच्याच शब्दांत उतरून घ्या. प्रत्येकानें निदान एक हकीकत आपल्या मोहल्ल्यांतील व एक दुसऱ्या मोहल्ल्यांतील आणावी. पालकांनीं मुलांबरोबर जावें. म्हाताऱ्या माणसांस हें सांगतांना वेळ लागतो. वह्या दिवाळीच्या सुटीनंतर वर्गांत गोळा केल्या जातील.