रक्ताचा थेंब आणि दोन शास्त्रे

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मेळघाटच्या अरण्यात सिपना नदीकाठी सेमाडोह हे गाव आहे. कोरकू समाजाच्या या परिसरातील एखाद्या बालकाच्या बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबाचा अर्थ लावावयाचा, तर दोन शास्त्रांचा आधार घ्यावा लागतो. निरोगी शरीराचे व्यापार कसे चालतात हे शरीरक्रियाशास्त्र सांगते. ते कोठे व का बिघडले याचा शोध विकृतिशास्त्र घेते. वैद्यकीय अभ्यासक्रमातही याच क्रमाने ती शिकविली जातात.

निरोगी तांबडी रक्तपेशी लवचिक तबकडीसारखी असते. सूक्ष्म केशवाहिन्यांतून वाकून वाट काढीत ती सुमारे १२० दिवस प्राणवायू वाहते. सिकलसेल या आनुवंशिक व्याधीत हीमोग्लोबिनमधील एका विशिष्ट जागेचे ॲमिनो आम्ल बदललेले असते. प्राणवायू कमी पडताच पेशी ताठर होऊन विळ्याचा आकार घेते आणि १० ते २० दिवसांतच नष्ट होते. रुग्णाचा पंडुरोग व हाडासांध्यांच्या असह्य वेदना यांचे मूळ येथे आहे. लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली हा दोष रेणूत असल्याचे दाखवून दिले.

विदर्भातील आदिवासी व अन्य काही समाजांत ही व्याधी आढळते. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी आरंभिलेल्या निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी योजिली आहे. रक्त मिसळल्यावर द्रावण गढूळ झाले, तर दोष आहे एवढेच कळते. व्यक्ती रुग्ण की केवळ वाहक, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढील चाचणीतून ठरते. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्यास व्याधी होण्याची शक्यता चारात एक असते. ही गोष्ट विवाहापूर्वी कोरकू भाषेत समजावून देणारा तंत्रज्ञ गावचाच असेल, तर ती अधिक पटेल हे उघड आहे.

“डॉक्टर, नाही तर काहीच नाही” ही समजूत मात्र घातक होय. ‘नीट’ परीक्षा, एम.बी.बी.एस. व त्यानंतर विकृतिशास्त्रातील तीन वर्षांची एम.डी. ही वाट लांबची आहे. त्यासाठी अकोल्यास २००२ पासून व अमरावतीस २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दुसरी वाट विज्ञान पदवी व वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान पदविकेची. तिच्या आधारे शासकीय आरोग्यसंस्थांत प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी अशा पदासाठी अर्ज करता येतो. ज्यास वन्यप्राण्यांची ओढ आहे, त्यास पशुवैद्यकातही हीच शास्त्रे भेटतात. मृत वाघाच्या विच्छेदनाचा अहवाल हा विकृतिशास्त्राचाच भाग आहे.

यांतील बहुतेक वाटा दहावीनंतरच्या निवडीपाशी फुटतात. जीवशास्त्रासह विज्ञान शाखा न घेतलेल्या विद्यार्थ्यास त्या सहसा बंद होतात, म्हणून आश्रमशाळेतील शिक्षकाने ही माहिती नववीतच द्यावी. व्यावसायिक अभ्यासक्रमांत अनुसूचित जमातींसाठी राज्यात ७ टक्के जागा राखीव आहेत. परंतु प्रवेशाच्या वेळी जात वैधता प्रमाणपत्र लागते. आजोबा-पणजोबांच्या नोंदी शोधण्यात महिने जातात. त्यासाठीचा अर्ज अकरावीतच सादर होईल, हे ग्रामपंचायत सदस्य व ग्रामसेवक यांनी पाहावे.