पदर उलटून बघणार आहेत

भरतकामाच्या स्पर्धेचा फॉर्म हातात आला की लगेच पेन उचलू नकोस. आधी नियमांचा कागद सावकाश वाच आणि तीन गोष्टींखाली रेघ मार: विभाग कोणता, माप किती, काम कधी पूर्ण झालेलं हवं. चांगली कामं बाद होतात ती बहुतेक इथेच. ‘पारंपरिक’ विभागात तयार किटमधलं काम चालेलच असं नाही. ‘स्वतःची रचना’ म्हटलं असेल तिथे आजीच्या साडीवरून उतरवलेली वेल नेलीस तर कितीही सुंदर असो, खटकणारच. माप फ्रेम धरून की फ्रेम सोडून, हे फोन करून विचारावं. लाजू नये. विचारणाऱ्या बाईचा कुणाला राग येत नाही, पण दोन इंचांनी मोठं झालेलं काम दारातून परत पाठवायचं म्हणजे आयोजकांच्याही जिवावर येतं.

मग एक गोष्ट मनाशी पक्की कर, बाकीचं सगळं तिच्यातून निघतं. परीक्षकाला तू माहीत नसतेस. वस्तूला क्रमांकाची चिठ्ठी असते, नाव झाकलेलं असतं. मुलांच्या परीक्षा सांभाळून केलंस, की डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर केलंस, हे तिथे कोणी विचारत नाही. कापडावर दिसेल तेवढ्यालाच गुण. म्हणून कोपऱ्यात नावाची अक्षरं भरायची तुझी ती सवय या कामापुरती बाजूला ठेव.

कर्नाटकी कशिदा द्यायचा म्हणतेस, ते बरं केलंस. त्याला आता भौगोलिक मानांकनही आहे, पण आपल्याकडे तो कधी परका नव्हताच. धारवाड, विजापूर, बेळगाव आणि इकडे कोल्हापूर, सोलापूर, या सगळ्या पट्ट्यात लग्नाच्या रुखवतात नाहीतर पेटीत कशिद्याची काळी चंद्रकळा असायची. इरकली साडीच्या पदराजवळ मोठे आकार, गोपूर, रथ, पालखी, अंबारीचा हत्ती, तुळशीवृंदावन. पदरापासून अंगाकडे सरकलं की ते लहान आणि विरळ होत जातात. हा क्रम जुन्या बायकांनी उगीच ठेवलेला नाही. डोळा आधी पदराकडे जातो. तू लहान तुकडा केलास तरी हा हिशेब लागू आहे: मोठा आकार एकच, आणि त्याला श्वास घ्यायला मोकळं कापड.

अख्खी साडी मात्र देऊ नकोस. सहा वारांत कुठेतरी हात सैल पडतो, आणि परीक्षकाची नजर नेमकी तिथे जाऊन बसते. टेबलावर पन्नास वस्तू असतात, प्रत्येकीच्या वाट्याला चार मिनिटं येतात. त्या चार मिनिटांत संपूर्ण बघून होईल एवढंच काम द्यावं. एक वृंदावन, खाली बारीक काठ, दोन्ही बाजूंना राघू. पुरे.

कापडाबद्दल बोलते, कारण निम्मा निकाल इथेच लागतो. कशिद्याला छाप नसतो, पेन्सिलची रेघ नसते. धागे मोजून टाका घालायचा असतो. आणि साडीच्या कापडात उभे धागे नि आडवे धागे इंचाला सारखे नसतात. तू दहा धागे उभे आणि दहा आडवे मोजून चौकोन काढलास की तो चौकोन होत नाही, बसका तरी होतो नाहीतर लांबुडका. वृंदावन चेपल्यासारखं दिसतं आणि काय चुकलं ते कळत नाही. म्हणून सुरुवातीलाच कापडावर एक इंच उभा आणि एक इंच आडवा टाचणीने मोजून घे. फरक थोडा असेल तर आकाराला एखादी पायरी वाढवून सांभाळता येतो, फार असेल तर कापड बदल. पहिल्यांदा देणारीने सरळ मॅटी घ्यावी असं माझं मत. इरकलीवर करायचंच असेल तर वर जाळी टाचून, काम झाल्यावर जाळीचे धागे ओलसर करून चिमट्याने एकेक ओढून काढायचे. सगळे एकदम ओढलेस तर टाके वर येतात.

काळ्या कापडावर भोकं दिसत नाहीत म्हणून रडायचं नाही. मांडीवर पांढरा पंचा पसर, खिडकीकडे तोंड करून बस, भोकं आपोआप दिसतात. रात्री दिव्याखाली काळ्यावर काम करू नये. केलंस तर सकाळी उसवावं लागेल, एवढंच.

दोरा अँकरचा सहापदरी घेतेस ना, मग सगळ्या लड्या एकाच दिवशी, एकाच दुकानातून घे आणि चिठ्ठीवरचे नंबर जपून ठेव. एकाच नंबरचा लाल वेगवेगळ्या रंगाईत किंचित वेगळा निघतो. दिव्याखाली कळत नाही, प्रदर्शनाच्या पांढऱ्या उजेडात कळतो. लाल आणि जांभळ्याचा एक तुकडा भिजवून पांढऱ्या सुती कापडात दाबून बघ. रंग सोडत असेल तर तो दोरा या कामाला नको. एका वेळी बोटापासून कोपरापर्यंत एवढाच दोरा ओवायचा. लांब घेतला की कापडातून ये-जा करून त्याची चमक जाते आणि शेवटचे टाके लवदार दिसतात. सुई बोथट टोकाची, म्हणजे ती कापडाच्या धाग्यांमधून वाट काढते, धागा फोडत नाही.

आता मुख्य विषय. परीक्षकीण बाई कशिद्याचा तुकडा हातात घेतील आणि पहिल्यांदा उलटा करतील. मी स्वतः त्या खुर्चीत बसले आहे, मीही हेच करते. गवंतीचा टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला हवा आणि कुठेही गाठ सापडता कामा नये. गवंती म्हणजे जाताना धावदोरा, एक टाका वर, एक रिकामा. येताना तेच रिकामे भरायचे. ऐकायला सोपं आहे. अवघड आहे ती वाट ठरवणं. संक्रांतीचं वाण वाटायला निघालं की बोळ लागला तर आत जाऊन, घरं करून, पुन्हा मोठ्या रस्त्यावर येतो ना, तसं. मुख्य रेघेवरून जाताना जिथे फांदी फुटते तिथे फांदीत शिरायचं, टोकापर्यंत जाऊन, रिकामे टाके भरत परत मुख्य रेघेवर यायचं, मगच पुढे. असं टोक गाठलं की वळून फक्त मुख्य रेघ भरत यायची आणि निघाली होतीस तिथेच दोरा पोचतो. वाट चुकली की एखादा कोपरा रिकामा राहतो, तो भरायला मागून उडी मारावी लागते आणि ती उडी पाठीवर दिसते. म्हणून सुई हातात घेण्याआधी चौकटीच्या वहीवर आकार काढून टाक्यांना आकडे टाक. कंटाळवाणं आहे. माझ्या आजीला वहीची गरज नव्हती, तिच्या डोक्यात सगळी वृंदावनं होती. तुला-मला वही लागते.

परतीच्या टाक्यांची रेघ दातेरी होते अशी तुझी तक्रार होती. त्याला उपाय असा की येताना सुई नेहमी आधीच्या टाक्याच्या वरच्या अंगाने काढायची आणि खालच्या अंगाने घालायची. प्रत्येक वेळी तसंच. मधेच उलट केलंस की दाता पडतो. मुरगी, म्हणजे पायऱ्यांचा टाका, तोही याच रीतीने दोन्हीकडून सारखा येतो. नेगी आणि मेंथी यांचं तसं नाही. नेगी विणकामासारखी दिसते आणि तिच्या पाठीवर नक्षी उलटी उमटते. मेंथी ही फुलीच, तिची पाठ वेगळी असणारच. पण त्यातही फुलीचा वरचा पाय सगळीकडे एकाच दिशेला पडला पाहिजे, हे बघणारे बघतात.

सुरुवातीला गाठ न मारता चार इंच दोरा मोकळा सोड, नंतर तो सुईत ओवून जवळच्याच टाक्यांखालून एक इंचभर घाल. शेवटालाही तसंच. सरळ रेघेत संपवू नकोस, जिथे आकार दाट आहे तिथे संपव. सगळी टोकं एकाच जागी आणू नकोस, तिथे फुगवटा येतो. एका राघूवरून दुसऱ्या राघूवर पाठीमागून दोरा न्यायचा नाही, मग मधलं अंतर बोटभर का असेना.

हे सगळं एवढ्यासाठी सांगते की बाजारात आता यंत्रावर काढलेला कशिदा ढिगाने मिळतो आणि समोरून तो आपल्यापेक्षा रेखीव असतो. परीक्षकाला हातकाम ओळखायची जागा पाठच आहे. यंत्राच्या पाठीवर बॉबिनचा वेगळा दोरा दिसतो. तुझ्या पाठीवर तुझाच दोरा, तुझीच वाट दिसेल.

रिंग लावत असशील तर आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळ आणि काम थांबवलं की काढून ठेव. रिंगेचा वळ जायला फार त्रास देतो. मध्य दाखवायला पेन वापरू नकोस, वेगळ्या रंगाचा कच्चा धावदोरा घाल आणि शेवटी काढून टाक. ती इस्त्रीने पुसली जाणारी पेनं येतात, त्यांची रेघ थंडीत परत उमटते. हळद-कुंकवाच्या हाताने कापडाला शिवायचं नाही. हळदीच्या डागाला साबण लावलास की तो लाल होतो आणि मग घरभर धावपळ.

प्रदर्शनाच्या आधी निदान आठवडा मोकळा ठेव, धुणं नि वाळणं घाईत होत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. गार पाणी, रिठ्याचं पाणी किंवा सौम्य साबण, चोळायचं नाही, पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत पसरायचं. चुकून रंग सुटलाच तर घाबरून वाळवू नकोस. वाळला की डाग पक्का होतो. रंग येणं थांबेपर्यंत गार पाणी बदलत राहा. किंचित ओलं असताना जाड टर्किश टॉवेलावर पालथं घालून पाठीकडून इस्त्री कर. टाके टॉवेलात रुततात, चपटे होत नाहीत.

मांडणीबद्दल माझी मतं थोडी कडक आहेत. सोनेरी लेस, मखमलीचं कोंदण, टिकल्या यातलं काही नको. कशिदा रंगानेच पुरेसा बोलका असतो. फेविकॉलने पुठ्ठ्यावर चिकटवू नकोस, काही वर्षांनी पिवळं पडतं आणि परीक्षकाला पाठ बघता येत नाही ते वेगळंच. कडा बारीक दुमडून हातशिलाई कर, वर काठी जाईल एवढी पट्टी शिव, म्हणजे लटकवताही येईल आणि उलटवताही. नियमात काचेची फ्रेम सक्तीची असेल तर मात्र पुठ्ठ्यावर कापड मागून दोऱ्याने उभं-आडवं ताणून बांध, आणि पाठीचा एक स्वच्छ फोटो फॉर्मला जोड.

वस्तूसोबत छोटी चिठ्ठी द्यायची मुभा असेल तर सोडू नकोस. कोणते टाके, कोणतं कापड, दोऱ्याचे किती पदर, आकार कुठून घेतला. आजीच्या चंद्रकळेवरून घेतला असेल तर तसं लिही; पुस्तकातून घेतला असेल तर पुस्तकाचं नाव लिही. मेंथी वापरली आहे हे लिहिलंस की तिची पाठ वेगळी का, हा प्रश्नच उरत नाही. भावना वगैरे चिठ्ठीत नको, चार ओळी बास.

नेताना घडी घालू नकोस. पुठ्ठ्याच्या नळीला जुनं मलमल गुंडाळ आणि काम उजवी बाजू बाहेर ठेवून त्यावर गुंडाळ, टाके दबत नाहीत. डांबरगोळ्यांच्या कपाटातून काढलेलं असेल तर दोन दिवस हवेत ठेव. वासाला गुण नसतात, पण वास येणारी वस्तू कोणी फार वेळ हातात धरत नाही. परीक्षण चालू असताना जवळ घुटमळू नकोस. बाहेर चहा घे.

निकालानंतर, बक्षीस असो वा नसो, शेऱ्यांचा कागद मागून घे. सगळीकडे देत नाहीत, पण मागितला तर परीक्षक तोंडी तरी सांगतात. ‘छान आहे’ यावर समाधान मानू नकोस. कुठला टाका बघून गुण कापले ते बोट ठेवून दाखवायला सांग. पहिल्या आलेल्या कामाची पाठ बघायची परवानगी मिळते का तेही विचार, त्यातून जे शिकशील ते वर्गात कोणी शिकवत नाही. आणि वस्तू परत घेताना पावतीवर सही करण्याआधी तिथेच उलगडून, दोन्ही बाजू उजेडात धरून बघ. टाचणीचा गंज, चहाचा शिंतोडा, ओढलेला धागा, जे असेल ते त्यांच्यासमोर दाखव आणि पावतीवर लिहून घे.