कृमिदंतातील पूरण : द्रव्ये, खर्च आणि योग्य वेळ

‘दाढेत चांदी भरायला किती खर्च येईल?’ हा प्रश्न दंतवैद्यापेक्षा आपल्याला आणि औषधालयाच्या चालकांना अधिक वेळा विचारला जातो. विचारणारा रुग्ण बहुधा लवंगतेलाची कुपी घेण्यासाठीच आलेला असतो. आपण सांगितलेला आकडा ऐकून तो दंतवैद्याकडे जावयाचे की कुपीवर भागवावयाचे, हे ठरवितो. म्हणून या विषयाची नेमकी माहिती व्यावसायिक बंधुभगिनींपाशी असणे आवश्यक आहे.

पूरण ही संज्ञा आपल्या शास्त्राला अपरिचित नाही. सुश्रुताचार्यांनी कृमिदंताचे चल व अचल असे भेद मानून अचलासाठी स्वेदन, रक्तविस्रावण, वातघ्न अवपीड व स्नेहगंडूष, तर चलासाठी उद्धरण करून त्या स्थानाचे दहन सांगितले आहे. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात दाताची पोकळी गूळ किंवा मेण यांनी भरून दहन करण्याचा, तसेच सप्तपर्ण व अर्क यांच्या क्षीराने पूरण करण्याचा निर्देश केला आहे. या पूरणाचा हेतू मुख्यतः कृमी व शूल यांचा नाश हा होता. आजच्या पूरणाचा हेतू किडलेला भाग काढून दाताचा नष्ट झालेला आकार पुन्हा उभा करणे व पोकळी बंद करणे हा आहे. (खेड्यापाड्यांत आजही रुईचा चीक दाढेत घालणारे भेटतात. तो दाहक असल्याने हिरडी व गाल पोळतात. डोळ्यास लागल्यास इजा होते. रुग्णास त्यापासून परावृत्त करावे.)

पूरणद्रव्यांपैकी ‘चांदी’ म्हणून ओळखले जाणारे अमाल्गम सर्वांत परिचित. त्यात जवळजवळ निम्मा भाग पारद असतो व उरलेला रौप्य, वंग, ताम्र यांच्या चूर्णाचा. ते चिवट, स्वस्त व चर्वणाचा भार सोसणारे आहे. परंतु ते दातास चिकटत नाही, म्हणून त्याला धरून ठेवण्यासाठी दाताचा निरोगी भागही कोरावा लागतो. पारदाच्या पर्यावरणीय दुष्परिणामांमुळे मिनामाता करारान्वये त्याचा वापर घटविला जात आहे. भारताने हा करार २०१८ मध्ये मान्य केला, आणि २०२५ च्या जिनीव्हा येथील परिषदेत २०३४ पर्यंत अमाल्गम थांबविण्याचे ठरले. याचा अर्थ तोंडात असलेली जुनी, सुस्थितीतील चांदी उकरून काढावी असा मात्र नव्हे. उकरतानाच पारदाची वाफ अधिक सुटते. रसशास्त्राच्या अभ्यासकांना रुग्ण हा प्रश्न हमखास विचारतात, म्हणून येथे नमूद केले.

रुग्ण ज्याला ‘सिमेंट’ म्हणतात ते बहुधा ग्लास आयोनोमर होय. १९७० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये विकसित झालेले हे द्रव्य दातास रासायनिक रीतीने चिकटते व फ्लोराइड सोडते. दुधाचे दात, हिरडीलगतची झीज येथे ते उत्तम. दाढेच्या चावण्याच्या पृष्ठावर ते लवकर झिजते. दाताच्या रंगाचे कंपोझिट हे राळेसारखे द्रव्य असून ते साधारण दोन मिलिमीटरच्या थरांनी भरून प्रत्येक थर विशिष्ट प्रकाशाने घट्ट करावा लागतो. दात पूर्ण कोरडा ठेवावा लागतो, लाळेचा स्पर्श झाला तरी काम बिघडते. त्याची किंमत अधिक असण्याचे कारण द्रव्यापेक्षा हा वेळ व हे कौशल्य आहे.

महाराष्ट्रातील मध्यम शहरांच्या खाजगी चिकित्सालयांत ढोबळमानाने सिमेंटचे पूरण पाचशे ते हजार रुपयांत, कंपोझिटचे हजार ते अडीच हजारांत होते. पोकळी दंतमज्जेपर्यंत, म्हणजे पल्पपर्यंत, पोहोचली की पूरण पुरत नाही. रूट कॅनलचे तीन ते सात हजार व वरील कॅपचे तीन हजारांपासून पुढे, असा हिशेब एकाच दाढेचा होतो. ज्यांना हे परवडत नाही त्यांना मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये सुचवावीत. गोव्यात बांबोळी येथे अशी सोय आहे. तेथे शुल्क बरेच कमी असते, मात्र फेऱ्या अधिक पडतात.

आता लवंगतेलाविषयी. त्यातील युजेनॉल हे उत्तम शूलघ्न आहे व जस्तभस्मासारख्या झिंक ऑक्साइडच्या चूर्णात कालवून दंतवैद्यही त्याचे तात्पुरते पूरण करतात. परंतु ते वेदना झाकते, कीड थांबवीत नाही. तीन-चार आठवडे तेलाच्या बोळ्यावर काढलेला रुग्ण जो खर्च टाळू पाहत होता, त्याच्या कितीतरी पट खर्चाच्या टप्प्यावर जाऊन पोहोचतो. दुसरे असे की, युजेनॉल कंपोझिटला घट्ट होऊ देत नाही. म्हणून तेल लावले असल्यास ते दंतवैद्यास आवर्जून सांगण्यास रुग्णाला बजावावे. अमिश्र तेल हिरडीवर वारंवार लावल्यास व्रण होतात. लहान मुलांच्या हाती ही कुपी कधीही देऊ नये, पोटात गेलेले तेल यकृतास घातक ठरते.

रुग्णास पाठविताना दोन प्रश्न पुरेसे आहेत. थंड पाण्याने उठणारी कळ क्षणार्धात शमते काय? शमत असेल तर बहुधा पूरणाने भागते, आठवड्याच्या आत पाठवावे. रात्री आपोआप ठणका लागतो काय, गरम पदार्थाने कळ लांबते काय? तसे असल्यास मज्जा बाधित झाली असे समजावे. आणि कित्येक दिवसांचा ठणका औषधाविना एकाएकी थांबला तर रुग्ण आनंदाने सांगत येतो. तेव्हा मज्जा मृत झाल्याची शक्यता अधिक असते व मुळाशी पू साचण्याचा धोका असतो. गालावर सूज, ज्वर किंवा तोंड उघडण्यास अडथळा दिसल्यास त्याच दिवशी पाठवावे.