राष्ट्रीय वनातली उन्हाळी नोकरी

प्रश्न : माझी भाची अमेरिकेची नागरिक असून डेन्व्हरला शिकते. उन्हाळ्यात तिला राष्ट्रीय वनातल्या कॅम्पग्राउंडवर काम करायचंय. काम काय असतं? कुठे विचारावं?

उत्तर : डेन्व्हरजवळ अरापाहो-रूझवेल्ट वन आहे. राष्ट्रीय वनं फॉरेस्ट सर्व्हिसकडे, म्हणजे कृषी खात्याकडे असतात. राष्ट्रीय उद्यानं वेगळ्या खात्याची.

भाचीला आधीच सांगा, डोंगर बघत बसायची ही नोकरी नाही. मोठा वाटा सफाईचा. तिथले बरेच संडास विनापाण्याचे, खाली टाकी असलेले. ते रोज धुवायचे. शेकोटीच्या कड्यांतली राख काढताना निखारा धुमसत नाही ना, हे हाताने चाचपून बघायचं, कारण एका ठिणगीने वणवा लागतो. अस्वलं उघडू शकणार नाहीत अशा कचरापेट्या रिकाम्या करायच्या, बाकं रंगवायची. हिवाळ्याआधी नळांतलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर ते गोठून पाइप फुटतात. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

सरकारी जागा ‘यूएसएजॉब्स’ या संकेतस्थळावर निघतात, त्याही हंगामाच्या कितीतरी आधी. मात्र २०२५साठी फॉरेस्ट सर्व्हिसने वणवा विभाग सोडून हंगामी भरती थांबवली होती. पुष्कळ कॅम्पग्राउंड खासगी ठेकेदार चालवतात. तिने तिथेही अर्ज करावा.