क्रोशाच्या जाळीला आकार देताना

सुईवरून उतरलेले क्रोशाचे फूल बहुधा मुडपलेले, सुरकुतलेले असते. मुली ते पाहून हिरमुसतात. वस्तुतः निम्मे काम अजून उरलेले असते.

सुती दोऱ्याचे फूल कोमट साबणपाण्यात धुवावे. पिळू नये, पंचात दाबून पाणी टिपावे. दोन चमचे कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून वाटीभर उकळत्या पाण्यात ढवळीत ओतावे आणि पारदर्शक होईतो शिजवावे. निवलेल्या खळीत फूल बुडवून जादा खळ निपटून काढावी, अन्यथा जाळीची छिद्रे बुजतात. साखरेचा पाकही चालतो. मात्र पावसाळ्यात तो चिकटतो, मुंग्याही येतात. आम्ही खळच पसंत करतो.

थर्माकोलवर समान कोन आखलेला कागद व त्यावर पातळ प्लास्टिक पसरावे. आधी मध्य टाचावा, मग समोरासमोरच्या पाकळ्या ताणाव्यात. टाचण्या न गंजणाऱ्याच हव्यात. एक गंजकी टाचणी आठवड्याचे काम डागाळते. पूर्ण सुकल्याविना टाचण्या काढू नयेत.

हे सारे श्रमच आहेत. आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवरील मारिया मीस यांचा अभ्यासग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला. परदेशी बाजारासाठी राबणाऱ्या त्या स्त्रियांना फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी मानले जाई, आणि मजुरीही तशीच तुटपुंजी मिळे. म्हणून आम्ही मुलींना वहीत दोऱ्याच्या किमतीशेजारी विणण्याचे, धुण्याचे आणि टाचण्याचे तासही लिहावयास लावतो.