यार्देनेच्या अलीकडील वतन

शास्त्रपाठ : गणना ३२, यहोशवा २२:१-८, प्रेषितांचीं कृत्यें १६:३५-४०, गलती ५:१३-१५



गणनेच्या पुस्तकाचा बत्तिसावा अध्याय आपल्या मंडळ्यांत फारसा वाचला जात नाहीं. त्यांत चमत्कार नाहीं, स्तोत्र नाहीं. जमिनीची मागणी आणि तिच्या अटी एवढाच मजकूर आहे. तलाठ्याच्या दप्तरांत शोभावा असा हा अध्याय आहे, असें कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाहीं. तथापि ज्यांस आज कायद्यानें हक्क मिळाले आहेत आणि ज्यांच्या वाडवडिलांस ते नव्हते, अशा लोकांनीं तो वारंवार वाचावा, असें आम्हांस वाटतें.

हकीकत अशी. इस्राएल लोक चाळीस वर्षें रानांत भटकून यार्देन नदीच्या पूर्व तीरावर आले. रऊबेन व गाद या दोन वंशांजवळ गुरें पुष्कळ होतीं. याजेर आणि गिलाद हा मुलूख चराईस उत्तम आहे, असें त्यांस दिसलें. तेव्हां त्यांनीं मोशेकडे येऊन मागणें केलें कीं, हाच प्रांत आम्हांस वतन म्हणून द्यावा, आम्हांस नदीपलीकडे नेऊं नये. मोशे रागावला. तुमचे भाऊ लढाईस जातील आणि तुम्ही येथेंच बसणार काय, असें त्यानें त्यांस विचारलें. कादेश-बर्ण्याहून पाठविलेल्या हेरांनीं लोकांचें मन कसें खचविलें, व त्यामुळें एक अख्खी पिढी रानांत कशी मेली, याचीही त्यानें त्यांस आठवण दिली.

येथें एक गोष्ट नीट लक्षांत घ्यावी. जमीन मागणें हें पाप आहे, असें मोशे म्हणाला नाहीं. त्यानें मागणी नाकारलीही नाहीं. ठराव असा झाला कीं, त्यांनीं आपल्या मुलांमाणसांची व गुरांची सोय येथें करावी, परंतु स्वतः हत्यारबंद होऊन भावांच्या पुढें चालावें, आणि इतर वंशांस वतन मिळेपर्यंत घरीं परतूं नये. मनश्शेचा अर्धा वंशही त्यांस मिळाला. ते गेले. यहोशवाच्या चौथ्या अध्यायांत सुमारें ४०,००० हत्यारबंद पुरुष पार उतरल्याचें लिहिलें आहे. आणि बाविसाव्या अध्यायांत यहोशवा त्यांस आशीर्वाद देऊन घरीं पाठवितो.

वतन हा शब्द आमच्या गांवांस नवा नाहीं. पाटीलकी, कुळकर्ण, महारकी हीं सारीं वतनेंच होतीं, आणि प्रत्येकास चाकरी जोडलेली होती. परंतु तीं सारखीं नव्हतीं. महारवतनांत जमीन थोडी आणि चाकरी रात्रंदिवसाची, अशी स्थिति होती. १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ गांवकामगारांचीं हीं वतनें रद्द झालीं, तें योग्यच झालें. आमच्या पुष्कळ वाचकांचे आजेपणजे त्याच चाकरींतून आले. म्हणून "कर्तव्य" हा शब्द ऐकतांच त्यांच्या कपाळास आठी पडली तर आम्हांस नवल वाटत नाहीं. ज्यांस हक्क कधीं मिळालेच नाहींत, त्यांनाच कर्तव्याचा उपदेश सर्वांत मोठ्या आवाजानें केला जात असे, व अजूनही कोठें कोठें केला जातो. मोशेची रीत निराळी होती. ज्यांस वतन आधीं मिळालें, त्यांच्याच हातीं त्यानें हत्यार दिलें.

हक्क हें कर्तव्याचें वेतन आहे, असाही समज कोणी करून घेऊं नये. मनुष्य देवाच्या प्रतिरूपांत निर्माण झाला, म्हणून त्यास मान आहे. त्यानें तो कमावलेला नाहीं. आळशी मनुष्यासही विहिरीवर तहान भागविण्याचा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रसंघानें १० डिसेंबर १९४८ रोजीं पॅरिस येथें मानवी हक्कांचा जाहीरनामा मान्य केला. त्याच्या बाजूनें ४८ राष्ट्रें होतीं, विरुद्ध एकही नव्हतें, व ८ तटस्थ राहिलीं. त्याच्या पहिल्या कलमांत केवळ पुरुषवाचक शब्द न राहतां सर्व मानव असा शब्द यावा, म्हणून आपल्या देशाच्या प्रतिनिधि हंसा मेहता यांनीं आग्रह धरला, आणि तो सफल झाला. अठराव्या कलमांत धर्म बदलण्याचें स्वातंत्र्य सांगितलें आहे. तें आपल्या वाचकांस विशेष महत्त्वाचें आहे. आणि तीस कलमांच्या या लेखांत एकोणतिसावें कलम म्हणतें कीं, ज्या समाजांत राहूनच मनुष्याची पूर्ण वाढ होते, त्या समाजाप्रत त्याचीं कर्तव्यें आहेत. कर्तव्यास जागा थोडी मिळाली, अशी कोणी तक्रार करील. आम्हांस तें प्रमाण ठीक वाटतें. सत्ताधाऱ्याचा हात आधीं आवरला पाहिजे. दुबळ्यास कर्तव्य शिकविण्याची घाई नसते.

आपल्या राज्यघटनेंतही प्रथम हक्क आले आणि कर्तव्यें मागून आलीं. सतराव्या कलमानें अस्पृश्यता नाहींशी केली. पंचविसाव्या कलमानें सदसद्विवेकाचें व धर्म पाळण्याचें स्वातंत्र्य दिलें, परंतु सार्वजनिक सुव्यवस्था, नीति आणि आरोग्य यांच्या मर्यादेंत दिलें. नागरिकांचीं दहा मूलभूत कर्तव्यें १९७६ सालीं घातलीं गेलीं, व अकरावें २००२ सालीं. त्या अकराव्याकडे आम्ही पुढें येऊं.

हक्क मागतांना कर्तव्य कसें सांभाळावें, याचें एक उदाहरण आपल्याच प्रांतांत घडलें आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत असा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलांत १९२३ सालीं झाला होता. तथापि महाडच्या चवदार तळ्यास हात लावण्याची कोणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्यासह हजारों लोक तेथें जाऊन पाणी प्याले. आदल्या दिवशीं त्याच परिषदेंत त्यांनीं आपल्या लोकांस मेलेल्या जनावराचें मांस सोडण्याचा उपदेश केला होता. पाणी प्याल्यानंतर, हे लोक देवळांत शिरणार, अशी खोटी आवई उठली, आणि परतणाऱ्यांवर काठ्या चालल्या. उलट मारण्यास सिद्ध असलेल्यांस बाबासाहेबांनीं आवरलें. डिसेंबरांत लोक पुन्हां जमले, तों कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम निघालेला होता. मन घट्ट करून आलेल्या हजारों लोकांनीं त्या दिवशीं तळ्यास हात लावला नाहीं. ते तळ्याभोंवतीं मिरवणूक काढून परत गेले. हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूनें १९३७ सालीं लागला. हें सर्व ख्रिस्ती मंडळीच्या बाहेर घडलें, म्हणून त्यापासून शिकूं नये असें थोडेंच आहे!

आतां फिलिप्पै नगरांतील गोष्ट पाहूं. पौल व सीला यांस चौकशीशिवाय चारचौघांत फटके मारून बंदींत टाकलें. सकाळीं अधिकाऱ्यांनीं शिपायांकरवीं निरोप धाडला कीं, त्यांस सोडून द्या. पौल गुपचूप निघाला असता तर प्रकरण तेथेंच मिटलें असतें. परंतु आपण रोमी नागरिक आहों, अधिकाऱ्यांनीं स्वतः येऊन आपणांस बाहेर न्यावें, असें त्यानें कळविलें, आणि त्यांस यावें लागलें. हा मानापमानाचा हट्ट होता काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पौल तर गांव सोडून जाणार होता. मागें राहणार होती ती लुदिया, तो बंदिशाळेचा नाईक आणि नुकतीच जन्मलेली मंडळी. अधिकाऱ्यांनीं पुढें तिच्या अंगास हात लावण्यापूर्वीं दोनदां विचार करावा, अशी तजवीज पौलानें आपल्या हक्कानें करून ठेविली. तोच पौल करिंथकरांस (१ करिंथ ९) लिहितो कीं, सुवार्तेवर उपजीविका करण्याचा हक्क मला आहे, पण तो मीं बजाविला नाहीं. एके ठिकाणीं हक्क धरून बसला, दुसरे ठिकाणीं सोडून दिला. दोन्ही ठिकाणीं पाहिलें दुसऱ्याचें हित.

आमच्या शिक्षकबंधूंस येथें एक इशारा द्यावासा वाटतो. पौलानें सोडला तो स्वतःचा हक्क. विधवेचा जमिनींतील वाटा दिरानें दाबला असतां, "बाई, शांतीसाठीं सोडून दे," असें सांगणाऱ्या पंचांस या अध्यायाचा आधार नाहीं. दुसऱ्याचा हक्क सोडून देण्याचा अधिकार पौलानें घेतला नाहीं, आपणही घेऊं नये.

मोशेच्या नियमशास्त्रांतील दोन बारीक आज्ञा खेड्यांतील माणसास चटकन समजतील. धाब्याच्या घरास कठडा बांधावा (अनुवाद २२:८), आणि खणलेला खड्डा उघडा ठेवून त्यांत दुसऱ्याचें जनावर पडल्यास भरपाई द्यावी (निर्गम २१:३३, ३४). घर आपलें आहे, जमीन आपली आहे, तरी पडणारा मनुष्य आपला शेजारी आहे. रानांत पाणी न लागलेलीं बोअरचीं तोंडें उघडीं पडलेलीं असतात, आणि लहान मुलें त्यांत पडल्याच्या बातम्या येतात, तेव्हां आम्हांस ही आज्ञा आठवते. एक दगड आणि घमेलेंभर सिमेंट यांनीं ती पाळली जाते.

विहिरीची गोष्ट निघाली आहे, तर आणखी एक कडू गोष्ट बोलून टाकूं. गांवच्या पाणवठ्यावर हक्क मिळविण्यासाठीं ज्यांचे वडील झिजले, त्यांच्याच कांहीं वस्त्यांत महारांतून आलेले ख्रिस्ती मांगांतून आलेल्या ख्रिस्त्यांस घागर लावूं देत नसत. आणि प्रभूच्या मेजापाशीं एकत्र बसणारे लोक सोयरीक जुळवितांना अजूनही जुनी जात विचारतात. नदी ओलांडण्यापूर्वींच ज्यांस वतन मिळालें, त्यांनीं मागल्यांसाठीं चालावयाचें होतें. हे तर वाट अडवून बसले! गलतीकरांस पौल सांगतो कीं, तुम्हांस स्वातंत्र्यासाठीं बोलाविलें आहे, पण तें देहवासनेस वाव देण्यासाठीं नव्हे, तर प्रीतीनें एकमेकांची सेवा करण्यासाठीं. जातीचा अभिमान हीही देहवासनाच आहे. मंडळींत ती केवळ दारूपुरतीच ओळखली जाते, याचा आम्हांस खेद होतो.

आतां तें अकरावें कर्तव्य. २००२ सालच्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीनें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला, आणि त्याच दुरुस्तीनें त्या वयाच्या मुलास शिक्षणाची संधि देणें हें आईबापांचें कर्तव्य ठरविलें. एकाच कागदावर लेंकराचा हक्क आणि बापाचें कर्तव्य! तो हक्क अंमलांत आणणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

गणनेच्या आपल्या अध्यायांत एक बारकावा आहे. रऊबेनी व गादी लोक मोशेस म्हणाले कीं, आम्ही येथें मेंढरांसाठीं वाडे आणि मुलांसाठीं नगरें बांधूं (३२:१६). आधीं मेंढरें, मग मुलें. मोशेनें उत्तर देतांना क्रम बदलला : मुलांसाठीं नगरें आणि मेंढरांसाठीं वाडे (३२:२४). त्यानें त्यांस दोष दिला नाहीं, फक्त शब्द जागेवर ठेविले. आणि त्यांनीं पुन्हां बोलतांना मुलें प्रथम घातलीं, मग बायका, मग गुरें (३२:२६).

बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांत आमचीही कुटुंबें आहेत. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवराबायकोचा कोयता ठरलेला असतो, आणि मुलें पाठीमागें फडांत व कोपींत जातात. थोरली मुलगी धाकट्यास सांभाळते. तिची शाळा तेथेंच तुटते. या बापास आम्ही दगड मारणार नाहीं. उचल फेडल्याशिवाय त्यास घरीं बसतां येत नाहीं, आणि ज्या कारखान्यास त्याच्या घामाचा ऊस जातो, त्याचें व सरकारचें कर्तव्य त्याच्याहून मोठें आहे. तें त्यांस ठणकावून सांगितलें पाहिजे. परंतु जीं घरें गांवांत राहतात, ज्यांस विहीर आहे, नोकरी आहे, पेन्शन आहे, त्यांस यार्देनेच्या अलीकडील वतन मिळालें आहे. लढाईस जाणाऱ्या भावाचीं मुलें त्यांनीं सांभाळावींत.

म्हणून शिक्षकबंधूंनीं हा पाठ एका उपासनेपुरता ठेवूं नये. मुकादम उचल वांटावयास येतो त्या दिवसांतच पंचांनीं बसून, कोणतीं घरें जाणार व त्यांत शाळेच्या वयाचीं मुलें किती, हें वहींत लिहावें. मागें राहणाऱ्या मुलांसाठीं सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तिच्याविषयीं मुख्याध्यापकांकडे व शाळा व्यवस्थापन समितीकडे वेळेवर विचारणा करावी. कारण मुलें एकदां गाडींत बसलीं म्हणजे अर्ज करून उपयोग नाहीं. वसतिगृह न मिळाल्यास मंडळींतील घरांनीं एकएक दोनदोन मुलें वांटून घ्यावींत. आजी जवळ असेल तर मूल तिच्याकडेच राहूं द्यावें, आणि तिच्या घरीं धान्य पोहोंचवावें. कोणाकडे कोण राहील हें शेवटच्या दिवसावर टाकूं नये. मुलाच्या नांवासमोर त्या घराचें नांवही त्याच वहींत लिहावें, आणि आईबाप निघण्यापूर्वीं तें त्यांस वाचून दाखवावें.